कमरेच्या गाठीचा इतिहास

मे महिन्यात तेंदूपाने तोडायची, पावसाळ्यात बांधीत वाकून रोवणी करायची. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव भागातली मजूर माणसे वर्षाचा मोठा काळ उघड्यावर काढतात. 'उन्हाने त्वचेचा कर्करोग होतो' हे वाक्य वर्गात आले, की एखाद्या मुलाने विचारायलाच हवे : मग आपल्याकडे तो घरोघरी का नाही?

प्रश्न रास्त आहे. भारतातल्या नोंदी पाहिल्या तर सगळ्या कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास दिसतो. ऑस्ट्रेलियात मात्र वयाच्या ७० वर्षांपर्यंत तिघांपैकी दोघांना तो गाठतो. १७८८ पासून ब्रिटनमधून तिथे जाऊन वसलेल्यांनी आपली गोरी कातडी सोबत नेली, ढगाळ आकाश काही नेता आले नाही! आपल्या त्वचेत मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य भरपूर असते. पेशीच्या केंद्रकावर ते छत्रीसारखे पसरते आणि अतिनील किरण अडवते.

ही छत्री उन्हापुरतीच. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांच्या नात्यावर त्यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. 'धोतराचा कर्करोग' त्यात वर्णिलेला आहे. गंमत पाहा, ही जागा कपड्याखालची, ऊन कधी न लागणारी. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच ठिकाणी आवळले जाते. घाम, धूळ आणि घर्षण यांनी तिथे चट्टा पडतो, कातडी जाड होते, सोलवटते. पुढे जखम होते, भरते, पुन्हा चिघळते. दुरुस्तीसाठी पेशी सतत विभागत राहतात, आणि फार थोड्यांच्या बाबतीत त्या विभाजनाचा लगाम सुटतो. काश्मीरमध्ये फेरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर, मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच केले होते. तिथे गाठीऐवजी धग, एवढाच फरक.

ही जुनी गोष्ट समजू नये. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतली एक परकराशिवाय घट्ट लुगडे नेसणारी होती. कमरेचा चट्टा गजकर्ण समजून मलमावर काढला जातो, हीच खरी अडचण. न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी, नाडी रुंद आणि सैल ठेवावी; एवढ्यानेही पुष्कळ काम होते.

आता दराकडे वळू. दर म्हणजे अपूर्णांक : वर नवे रुग्ण, खाली लोकसंख्या. भारतात अशी लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली, नागपुरात १९८० मध्ये, आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ मध्ये. ऑस्ट्रेलियासारख्या देशातही त्वचेच्या नेहमीच्या दोन प्रकारांची सरसकट नोंद होत नाही. ते इतके आहेत की मोजणारे थकतील. आपल्याकडे गोची वेगळी. अपूर्णांकाचा अर्थ टिकावा म्हणून वरची माणसे खालच्या लोकसंख्येतलीच असावी लागतात. त्यामुळे गोरेगावची बाई नागपूरला गेली, तर तिचे निदान तिथे होते, उपचारही होतात; पण ती तिथली रहिवासी नसल्याने नागपूरच्या दरात तिची भर पडत नाही.