नराणी, बिब्बा आणि वहाण

पायाला कुरूप झाले, टाचांना भेगा पडल्या किंवा अंगठ्याचे नख मांसात रुतले, म्हणजे हे दुखणे जाणणारा आणि आपल्या ऐपतीत बसणारा माणूस जवळपास कोठे मिळेल, हा प्रश्न आज शहरातील सुशिक्षित गृहस्थालाही पडतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देशावरच्या गावात तो सहसा विचारावा लागत नसे, कारण त्याचे उत्तर काखेला धोकटी मारून आपल्या पायांनी दाराशी येत असे.

न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. श्मश्रू हे त्याचे प्रधान कर्तव्य खरे. पण धोकटीत वस्तऱ्याशेजारी असलेली नराणी केवळ नखे काढण्यापुरती नव्हती. अनवाणी राबणाऱ्या कुणब्याच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून राहावा, त्याभोवती कातडी निबर होऊन कुरूप धरावे, आणि ते पाण्याने मऊ करून न्हाव्याने पापुद्र्यापापुद्र्याने सोलून काढावे, हा नित्याचा प्रकार होता. मागाहून घरातील जाणती बाई त्या जागी तापविलेल्या बिब्ब्याचा चटका देई. तो मात्र बेताचाच हवा, नाहीतर बिब्बा उतून काट्याचा नायटा व्हायचा.

या उपचाराचे कूळ प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘कदर’ नावाचा विकार सांगितला आहे: खड्यांनी वा काट्याने पायाला क्षत पडून उत्पन्न होणारी, बोराएवढी कठीण गाठ, ती शस्त्राने काढून ती जागा तप्त तेलाने जाळावी. संहितेचे पानही न पाहिलेल्या हातांनी तेच कर्म करावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

मोबदला रोख नसे. सुगीला खळ्यावर रयतेकडून धान्याच्या रूपाने हक्क मिळे आणि तेवढ्यावर घरातील साऱ्यांचे काम वर्षभर चाले. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात ही बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आली आहे.

तिची थोरवी सांगताना तिचे पाप झाकता येणार नाही. गावचा सांगावा परगावी पोचविणे, वसुलाचा भरणा ठाण्यापर्यंत नेणे, वाटसरूला वाट दाखविणे ही कामे महाराकडे होती. म्हणजे ज्याच्या पायांवर गावाने सर्वांत अधिक कोस लादले, त्याच्याच पायाला न्हाव्याची नराणी कधी लागली नाही. या एका गोष्टीने त्या स्वस्ताईचे सारे मोल उणे होते.

पुढे बलुते मोडले, न्हावी शहरात जाऊन दुकानदार झाला आणि दुकानातल्या आरशासमोर पायांना जागा उरली नाही. डॉक्टरांचे लक्ष पुन्हा पायाकडे वळविण्यात मोठा वाटा होता तो १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांचा. कुष्ठरोग्याचा पाय आपोआप सडत नाही, तर संवेदना गेल्याने त्याच त्या जागी पडणारा दाब त्याला कळत नाही आणि म्हणून व्रण होतो, हे त्यांनी ओळखले, आणि मऊ रबराच्या वहाणांवर भर दिला. वहाणा शिवणारा जो कसबी कारागीर आजवर गावकुसाच्या कडेला बसला होता, त्याचे काम असे वैद्यकाचा भाग झाले.

मधुमेह्याच्या बधिर पायालाही हाच न्याय लागू आहे. म्हणून ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आता नराणी, पाते किंवा बिब्बा पायाला लावू देऊ नये. रोज रात्री दिव्याजवळ बसून तळवे निरखावेत, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर वहाणा काढून पाय आपणहून पुढे करावा.