शिरोळची वेणू आणि लंडनचा ध्वनिक्षेपक

बीबीसीच्या संग्रहात १९४२ सालचे एक छायाचित्र आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते चांगलेच परिचयाचे आहे. ध्वनिक्षेपकासमोर काही मंडळी दाटीवाटीने बसली आहेत. त्यांत कवी टी. एस. एलियट आहेत, कादंबरीकार मुल्कराज आनंद आहेत, आणि मागे उभा असलेला उंच, किडकिडीत गृहस्थ म्हणजे जॉर्ज ऑर्वेल. बसलेल्या मंडळींत डावीकडे टोकाला एक भारतीय तरुणी दिसते. एलियट आणि ऑर्वेल यांच्याविषयी पुस्तकांची कपाटे भरतील एवढे लिहिले गेले. या तरुणीचे नाव मात्र पुष्कळांनी चित्राखालच्या ओळीतच वाचले व तेथेच सोडून दिले. तिचे नाव वेणू दत्तात्रेय चितळे. ती आपल्या कोल्हापूरकडची, शिरोळची.

कोल्हापूरला आपण कलापूर म्हणतो ते रंग आणि सूर यांच्यासाठी. बाबूराव पेंटरांचे नाव येथे शाळकरी मुलाला ठाऊक असते, अल्लादियाखाँसाहेबांचे नाव जाणत्यांच्या घरी आदराने घेतले जाते. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला हेही आपण पाठ करून ठेवले आहे. येथे स्त्रियांच्या कर्तृत्वाची परंपरा नव्हती असेही नाही. रखमाबाई केळवकर यांनी या संस्थानात मुलींच्या शिक्षणाचा कारभार पाहिला, तर त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी येथेच वैद्यकीची सेवा केली. परंतु ज्या काळी रेडिओ हा शब्दच नवा होता त्या काळी शिरोळच्या एका मुलीने त्या धंद्यात पाऊल टाकले, याची नोंद मात्र आमच्या स्मरणातून निसटली.

वेणूताईंचा जन्म १९१२ सालचा. मायबापांचे छत्र लहानपणीच हरपले. घरचा आधार गेलेल्या मुलीचे त्या काळी काय होत असे, हे आमच्या आजी-पणज्यांच्या कहाण्यांतून आपल्याला ठाऊक आहे. वेणूताईंच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांचे शिक्षण सुरू राहिले, आणि १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर त्या इंग्लंडला जाऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाल्या. मनात ओढ शिक्षणशास्त्राची होती, वृत्तनिवेदिका होण्याची नव्हती. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले आणि सगळ्याच बेतांची उलथापालथ झाली. वेणूताई हवाई हल्ल्यांपासून नागरिकांचा बचाव करणाऱ्या पथकात स्वयंसेविका झाल्या, आणि पुढे १९४० साली बीबीसीत लागल्या.

ते वर्ष कसे होते याची कल्पना असावी. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बीबीसीच्या मुख्य इमारतीवर बॉम्ब पडून सातजण मृत्यू पावले. वरच्या मजल्यावर हा प्रकार घडत असताना खाली तळघरात निवेदक रात्रीच्या बातम्या वाचतच राहिला. तेथली नोकरी म्हणजे तलम पडद्याआड बसून गोड बोलणे नव्हते.

स्त्रियांसाठी तर तो उंबरठा आणखीच उंच होता. १९३३ साली शीला बॉरेट या बाईंना बीबीसीने निवेदिका म्हणून ध्वनिक्षेपकासमोर बसवले. श्रोत्यांच्या तक्रारींचा एवढा पाऊस पडला, आणि तक्रारदारांत स्त्रियाही पुष्कळ होत्या, की तीन महिन्यांच्या आतच त्यांना दूर करण्यात आले. बायकांच्या तोंडून गंभीर बातमी ऐकायला लोकांचे कान तयार नव्हते. शिवाय १९३२ पासून एक नियम असा होता की विवाहित स्त्रीला, अपवाद सोडल्यास, तेथे नोकरी मिळू नये आणि नोकरीत असलेलीने विवाहानंतर ती सोडावी. युद्धात माणसांची चणचण भासू लागली तेव्हा हा नियम शिथिल झाला आणि १९४४ साली रद्द झाला. सुधारलेल्या विलायतेची ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या रूढींना नावे ठेवताना हाताशी असावी.

वेणूताई ज्या विभागात होत्या तो पौर्वात्य सेवेचा भारतीय विभाग. प्रमुख झुल्फिकार बुखारी. ते ऑल इंडिया रेडिओतून तेथे गेलेले. ऑगस्ट १९४१ मध्ये ऑर्वेल तेथे आले. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला हा लेखक साम्राज्यशाहीचा कडवा टीकाकार होता, आणि तरीही साम्राज्याच्या सरकारी रेडिओवर काम करीत होता. या विसंगतीकडे पुढे यावेच लागेल. वेणूताई त्यांच्या सहायक म्हणून काम करीत. भाषणे ठरवायची, वक्ते जमवायचे, मजकूर तपासायचा, आणि वेळ आली की स्वतः ध्वनिक्षेपकासमोर बसायचे.

त्याच काळात कपूरथळ्याच्या राजकन्या इंदिरा तेथे होत्या. पार्लमेंटातील वादविवादांचा साप्ताहिक वृत्तान्त त्या हिंदुस्थानातील श्रोत्यांना सांगत. जमैकाच्या ऊना मार्सन होत्या. छायाचित्रात एलियट यांच्या शेजारी त्याच बसल्या आहेत. या बाई १९३५ साली इस्तंबूलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत बोलून आल्या होत्या. आपल्याकडे १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच लाटेचे हे दुसऱ्या किनाऱ्यावरचे पाणी. मोठाल्या ठरावांपेक्षा एका कचेरीत तिघी-चौघींनी शेजारी बसून बरोबरीने काम करणे हेही संघटनेचेच रूप आहे, असे आम्ही समजतो. परक्या देशात, परक्या भाषेत, बॉम्बच्या छायेत काम करणाऱ्या या स्त्रियांना एकमेकींचा आधार ही चैन नव्हती.

ब्रिटिश श्रोत्यांसाठी 'किचन फ्रंट' नावाचा एक कार्यक्रम सकाळच्या बातम्यांनंतर लागत असे. युद्धामुळे मांस, लोणी, साखर, चहा यांचे रेशन झाले होते, आणि आहे त्यात घर कसे चालवावे हे गृहिणींना सांगण्याचा हा उद्योग अन्नखात्याने बीबीसीच्या हातात हात घालून चालवला होता. ऑर्वेल यांच्या पत्नी आयलीन यांनीही या कार्यक्रमासाठी काम केले. वेणूताई त्यात भारतीय शाकाहारी पदार्थांविषयी बोलल्या. कोल्हापूर म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे तांबडा-पांढरा रस्सा उभा राहतो त्यांना याची गंमत वाटेल. मांसाच्या तुकड्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या लंडनच्या गृहिणीला कोल्हापूरकडची बाई मांसावाचून जेवण कसे रांधावे हे समजावून देत होती.

मार्च १९४२ मध्ये बीबीसीचे मराठी प्रसारण सुरू झाले. आठवड्याच्या युद्धवार्तेचा मजकूर ऑर्वेल इंग्रजीत लिहीत. मग तो मराठीत येई आणि वाचला जाई. वाचणाऱ्यांत वेणूताई होत्या. आपल्या भाषेला सातासमुद्रापलीकडून मिळालेला हा पहिल्या काही आवाजांपैकी एक, आणि तो स्त्रीचा.

आता त्या विसंगतीकडे वळू. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, 'व्हॉइस' या आकाशवाणीवरील काव्यपत्रिकेचा पहिला अंक लंडनहून प्रसारित झाला. आरंभी ज्या छायाचित्राचा उल्लेख केला ते याच 'व्हॉइस'च्या एका अंकाच्या वेळचे. साताऱ्या-सांगलीकडे तारा तुटत होत्या, तरुण भूमिगत होत होते, आणि शिरोळची लेक लंडनला राज्यकर्त्यांच्या रेडिओवर बसली होती. २७ ऑगस्टला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला आणि त्या तरुणीने त्यापायी चार वर्षांची सजा भोगली. त्याच वर्षी बर्लिनहून नेताजी सुभाषबाबूंचा आवाज येऊ लागला होता. एकाच वर्षी हवेतून तीन हाका आल्या. वेणूताईंची हाक कोणत्या बाजूची धरावी?

सोपे उत्तर कोणीही देईल, आणि ते कठोर असेल. आम्ही ते देऊ इच्छित नाही. बीबीसीत प्रत्येक शब्द आधी दोन तपासण्यांतून जाई. वाचणारा लिखित मजकूर सोडून बोलू लागला तर आवाज तत्क्षणी बंद करता यावा म्हणून बटणावर बोट ठेवून एक माणूस बसलेला असे. स्वतः ऑर्वेल दोन वर्षांत विटले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये राजीनामा देताना, आपण वेळ व जनतेचा पैसा वाया घालवीत आहोत असे त्यांनी लिहून दिले. त्या वेळी अखंड हिंदुस्थानात सारे रेडिओ परवाने दोन लाखही नव्हते. ऐकणार तरी कोण, ही शंका खोटी नव्हती.

तरीही एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतले तोब्रुक पडले, तेव्हा तेथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. हजारो हिंदी जवान कैद झाले. त्यांची घरे कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडच्या खेड्यांत होती. त्या आयाबायांना मुलगा कुठे आहे, लढाई कुठवर आली, हे कोणी त्यांच्या भाषेत सांगणार होते काय? आपल्या वाचकांना या ठिकाणी व्हॅटिकन रेडिओची आठवण होईल. पोप अकरावे पायस यांनी १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनीच्या हातून उभारलेले हे केंद्र सुरू केले, आणि युद्धकाळात बारावे पायस यांच्या आज्ञेने ते युद्धकैद्यांची व बेपत्ता माणसांची नावे, निरोप आणि चौकशा वाचून दाखवू लागले. अशा निरोपांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. तेथे कोणी विचारीत नसे की हा सैनिक कोणत्या बाजूचा. एका घरातली बातमी दुसऱ्या घरी पोचवणे, एवढेच ते काम. वेणूताईंच्या कामाला आम्ही त्या सेवेच्या पंक्तीला बसवीत नाही. त्यांच्या हातातला कागद एका पक्षाचा होता. परंतु मराठी माणसाला मराठीत जगाची वार्ता सांगण्याची गरज खरी होती, आणि हिटलरचा विजय झाला तर हिंदुस्थानचे भले होईल असे न मानणारे देशभक्तही त्या काळी थोडे नव्हते.

वेणूताईंचे मन कोठे होते हे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून कळते. लंडनमध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांची इंडिया लीग ही संस्था हिंदी स्वातंत्र्यासाठी इंग्रज लोकमत तयार करीत होती. वेणूताई तिच्या कामात सामील झाल्या. आणि स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षाअखेर, डिसेंबर १९४७ मध्ये, लंडनमधला जम बसलेला असताना त्या मायदेशी परतल्या व दिल्लीच्या निर्वासित छावण्यांत कामाला लागल्या. तेथे त्यांचा संबंध विजयालक्ष्मी पंडित यांच्याशी आला. पंडितबाई १९४१ ते १९४३ या काळात त्याच अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. ध्वनिक्षेपकासमोरून उठून तंबूंच्या चिखलात जाणे प्रत्येकाला जमत नाही.

१९५० साली मुंबईच्या हिंद किताब्जने त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. दोन महायुद्धांमधल्या काळातील पुण्याच्या एका ब्राह्मण एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्यांची ही कथा आहे. ती मराठीत लिहिली असती तर आज आपल्या घराघरांत असती, अशी हळहळ वाटते. विवाहानंतर त्या लीला गणेश खरे झाल्या, आणि वेणू चितळे हे नाव आपल्याकडे जवळजवळ मिटले. लग्नाने स्त्रीचे नाव बदलते एवढे म्हणून आपण पुढे जातो. परंतु नाव बदलले की मागच्या दहा-पंधरा वर्षांचे कामही दुसऱ्याच कोणा बाईचे वाटू लागते.

बीबीसीचे मराठी प्रसारण मधे एकदा खंडित होऊन १९५८ च्या नाताळपर्यंत चालले आणि थांबले. त्यानंतर २०१७ साली ते नव्या रूपात पुन्हा सुरू झाले. वेणूताईंची दुसरी कादंबरी १९९३ साली, वयाच्या ऐंशीनंतर, प्रसिद्ध झाली. तिचे नाव 'इन्कॉग्निटो', म्हणजे नाव झाकून वावरणारी व्यक्ती. १९९५ साली त्यांचे निधन झाले.