नापसंत हस्तलिखिताची भाषा : दक्षिणा प्राइझ कमिटी आणि 'तृतीय रत्न'

वाङ्मयीन नियतकालिकाने कथा-कवितांची स्पर्धा जाहीर करावी, लेखकांनी ठरलेल्या मुदतीत हस्तलिखिते पाठवावीत, परीक्षकांनी त्यांतून काही निवडावीत आणि उरलेली 'साभार परत' जावीत, हा क्रम मराठी वाचकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस असावा, परतीसाठी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे, इत्यादी नियमही सर्वांना ठाऊक असत. पुण्यामुंबईच्या साहित्यिक वर्तुळात ज्याची कोणाशी ओळख नाही, अशा शिरूर किंवा दौंड येथील लेखकाला स्पर्धा हे हक्काचे द्वार वाटते, ते उगीच नव्हे. तेथे शिफारशीची गरज नसते, हस्तलिखित पुरेसे असते. परंतु प्रत्येक स्पर्धेच्या मुळाशी एक गृहीतक असते. चांगली मराठी कोणती हे परीक्षकाला ठाऊक आहे, हे ते गृहीतक होय. ही जाण मराठीत कशी घडली आणि तिने काय वगळले, याचा शोध घेऊ लागल्यास नियतकालिकांच्याही मागे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पुण्यातील दक्षिणा प्राइझ कमिटीपर्यंत जावे लागते.

पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर एल्फिन्स्टनने हा परिपाठ एकदम मोडला नाही. दक्षिणेच्या रकमेतील काही भागावर १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे नव्या लोकांस दक्षिणा देणे हळूहळू बंद होत गेले. उरणारा पैसा देशभाषेतील ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च करावा, अशा आशयाचा अर्ज १८४९ साली गोपाळ हरी देशमुख प्रभृती सुधारकांनी सरकारकडे केला. त्यास सनातनी मंडळींनी कसून विरोध केला. तरीही दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी ग्रंथांस बक्षिसे मिळू लागली. पाठांतराबद्दल मिळणारे दान लेखनाबद्दलच्या पारितोषिकात रूपांतरित झाले, ही घटना भाषेच्या इतिहासात लहान नव्हे.

मात्र ज्या काळी हे घडले, त्याच काळी प्रमाण मराठीचा साचाही तयार होत होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले होते. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांच्या भाषेस शिस्त लावली जात होती; विरामचिन्हांचा वापर मराठीत रुळला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. परशुरामपंत गोडबोले यांचे 'नवनीत' १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि उत्तम मराठी कविता कोणती, याची यादीच जणू विद्यार्थ्यांच्या हाती आली. व्याकरण, कोश, क्रमिक पुस्तक, काव्यसंग्रह आणि पारितोषिक या पाचही गोष्टी दोन-तीन दशकांच्या अवधीत, बहुतांशी एकाच सुशिक्षित वर्गाच्या हातून घडल्या. पारितोषिक हे त्यांपैकी सर्वांत कमी अभ्यासले गेलेले साधन आहे.

या कमिटीपुढे १८५५ साली ज्योतिराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक सादर केले. ज्योतिराव तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. सरकारदरबारी ते अपरिचित नव्हते; त्यांच्या शिक्षणकार्याबद्दल १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यातच मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला होता. नाटकाचे कथानक साधे आहे. एक कुणबी व त्याची गरोदर बायको यांना ग्रहांची भीती घालून जोशी त्यांचे द्रव्य हरण करतो. पुढे एक पाद्री येतो व वाद होतो. विदूषक मधूनमधून प्रेक्षकांच्या वतीने बोलतो. शेवटी नवराबायको दोघेही रात्रीच्या शाळेत जाऊन शिकण्याचा निश्चय करतात. विद्या हा मनुष्याचा तिसरा डोळा, हा शीर्षकाचा ध्वनी.

कमिटीने हे नाटक पसंत केले नाही. ही हकीकत ज्योतिरावांनीच १८७३ च्या 'गुलामगिरी'त नमूद केली आहे. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा त्यांचा आरोप आहे. ही एका पक्षाची साक्ष आहे, हे संशोधकाने ध्यानात ठेवलेच पाहिजे. परंतु नाटक नापसंत झाले आणि ते ज्योतिरावांच्या हयातीत छापले गेले नाही, या दोन गोष्टी निर्विवाद आहेत. ते मुद्रणात आले १९७९ साली. लेखन आणि प्रकाशन यांत १२४ वर्षांचे अंतर पडले.

नकाराचे कारण भाषिक होते, असे ज्योतिराव म्हणत नाहीत; ते सामाजिक कारण सांगतात. तथापि या प्रसंगी विषय आणि भाषा एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. संस्कृत नाटकांची भाषांतरे त्याच सुमारास छापली जात होती. विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून (१८४३) सुरू झालेली रंगभूमी पौराणिक आख्यानांवर चालली होती. अशा वेळी कुणबी हा नाटकाचा विषय व्हावा, त्याने व त्याच्या बायकोने गद्यात, घरातल्या बोलण्याच्या वळणाने जोशाशी बोलावे, ही गोष्टच निकषांबाहेरची होती. ज्याचे जिणे वाङ्मयाचा विषय नाही, त्याची बोलीही लेखी मराठीत प्रवेश करू शकत नाही.

विषयाची निकड किती खरी होती, हे वीस वर्षांनी पुणे जिल्ह्यानेच दाखविले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला आणि त्याचे लोण भीमथडी व शिरूर तालुक्यांतील गावांत पसरले. आजच्या दौंड तालुक्याचा प्रदेश त्या काळी भीमथडीत मोडत असे. या उठावात जमावाचा रोख मुख्यत्वे कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठविलेला शेतकरी त्या कागदालाच शत्रू मानू लागला, असा याचा अर्थ आहे. पुढे १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने असे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमक्ष लिहिण्याचे बंधन घातले. निरक्षर कुणबी अक्षरवाल्यांकडून कसा नागविला जातो, ही 'तृतीय रत्न'ची कथावस्तू होती. तेथे पत्रिका होती, येथे कर्जरोखा, एवढाच भेद.

मराठी नाट्येतिहासातही या नकाराचे परिणाम दिसतात. मराठीतील पहिले स्वतंत्र मुद्रित नाटक म्हणून विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकाचा सामान्यतः निर्देश केला जातो. सहा वर्षे आधी लिहिलेले सामाजिक गद्य नाटक पिढ्यान्‌पिढ्या कोणास वाचावयासच मिळाले नाही. त्यामुळे त्याचे अनुकरण झाले नाही, त्यावर टीका झाली नाही, त्याची परंपराही निर्माण झाली नाही. लेखकाने मात्र लेखन थांबविले नाही. १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा आणि 'ब्राह्मणांचे कसब' ही दोन्ही प्रसिद्ध झाली. १८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले, तेव्हा आमच्या व तुमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी ते नाकारले. त्या पत्रास १८५५ च्या नकाराची पार्श्वभूमी आहे, हे विसरून चालणार नाही.

यानंतर निवडीचा अधिकार सरकारी कमिटीकडून हळूहळू संपादकांकडे आला. 'विविधज्ञानविस्तार' (१८६७), 'काव्यरत्नावली' (१८८७), 'करमणूक' (१८९०), 'मनोरंजन' (१८९५) ही नियतकालिके निघाली. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि कथा-कवितेची मागणी वाढली. मागणी वाढली की लेखकांचे वर्तुळ विस्तारते आणि त्याबरोबर भाषेचेही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'ने (१९४९) माणदेशची बोली प्रतिष्ठित केली. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) या कादंबरीस १९६१ मध्ये राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. एका सरकारी निधीने जो दरवाजा १८५५ मध्ये लावून घेतला होता, तो दुसऱ्या सरकारी पारितोषिकाने १०६ वर्षांनी उघडला, असे म्हणता येईल.

स्पर्धेचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. भाषेच्या अभ्यासकाला तेवढ्याने भागणार नाही. कोणत्याही काळातील पसंत कृती त्या काळचा निकष सांगतात. त्या निकषाची सीमा कोठे होती, हे मात्र नापसंत कृतीच सांगतात. 'तृतीय रत्न'चे हस्तलिखित टिकले म्हणून एकोणिसाव्या शतकातील मराठीचा एक कोपरा आज दिसतो. तालुक्याच्या गावांतून नियतकालिकांच्या स्पर्धांसाठी आलेली आणि साभार परत गेलेली हस्तलिखिते हीदेखील मराठीचीच साधनसामग्री आहे. तिचा संग्रह व अभ्यास विद्यापीठीय विभागांनी हाती घेणे अगत्याचे आहे. कारण परीक्षकाचा निर्णय त्या वर्षापुरता असतो, आणि कागद नष्ट झाला की तोच निर्णय कायमचा होतो.