वाकळ कुणी शिवली?

दुपारची जेवणं उरकून रेडिओजवळ बसला असाल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी तांदूळ निवडत असेल. हातातलं काम चालू राहू द्या. आजचा विषयच हातातल्या कामाचा आहे. आपण बोलणार आहोत गोधडीबद्दल. आमच्या सातारा-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात.

आधी एक प्रश्न. तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वाकळ कुणी शिवली, ते तुम्हाला माहीत आहे का? घर कुणी बांधलं ते आपण सांगतो. विहीर कुणी खणली तेही सांगतो, काही ठिकाणी तर विहिरीच्या दगडावर नाव आणि साल कोरलेलं असतं. पण ज्या वाकळेखाली घरातल्या तीन पिढ्या झोपल्या, ती शिवणारीचं नाव बहुतेक घरांत कुणाला सांगता येत नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. तीन वर्षं लढाया वाचल्या, तह वाचले, किल्ल्यांची नावं पाठ केली. गोधडीवर एक ओळसुद्धा कुठं आली नाही.

त्याचं एक कारण साधं आहे. कापड टिकत नाही. सिंधू खोऱ्यातल्या मोहेंजोदडोला सुती कापडाचा तुकडा सापडला, 4000 वर्षांहून जुना. तो का टिकला, तर चांदीच्या भांड्याला चिकटून राहिला म्हणून. बाकीचं सगळं मातीत गेलं. आणि वाकळ तर आपण मातीत जायच्या आधीच संपवतो. लुगडं नेसून विरलं की त्याची वाकळ होते. वाकळ फाटली की तिचे तुकडे बाळाखाली जातात. तिथून पायपुसणं, मग पोतेरं. शेवटी काही उरतच नाही, मग संग्रहालयात ठेवणार काय?

तरी माग लागतो. संस्कृतात 'कंथा' म्हणजे ठिगळं जोडून केलेलं वस्त्र. बंगालमध्ये आजही गोधडीला कांथा म्हणतात. भगवान बुद्धांच्या काळी भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, जोडून चीवर करत. विनयग्रंथात अशी कथा आहे की मगध देशातली बांध घातलेली भातखाचरं पाहून बुद्धांनी आनंदाला सांगितलं, चीवर या शेतासारखं जोडता येईल का बघ. म्हणजे वाफे आणि बांध! आपण चौकोन जोडतो तेव्हा तसंच दिसतं. आपल्याकडे गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव फिरले. काही भागांत लोक त्यांना गोधडे महाराज, चिंधेबुवा म्हणूनच ओळखत.

आपला मुलूख कापडाचाच. सुमारे 2000 वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत. तेरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असे. पण कापड पिकणाऱ्या मुलखात बाईच्या अंगावर मात्र दोनच लुगडी असायची, एक नेसायचं आणि एक वाळत घातलेलं. हातमागाचं कापड महाग. म्हणून एक चिंधी वाया जाऊ द्यायची नाही, ही रीत पडली.

पुढे 1854 साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिली सूतगिरणी काढली आणि मग गिरण्या वाढतच गेल्या. कोकणातली, घाटावरची माणसं गिरणगावात कामाला गेली. गावाकडे येताना ती कापड घेऊन येत. आमच्या आजीच्या वाकळेत तिच्या भावाने गिरणीतून आणलेल्या कापडाचे तुकडे होते, पट्ट्यापट्ट्यांचे. जानेवारी 1982 मध्ये संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कितीतरी जण गावाला परतले. आजीचा भाऊही परतला. ती पट्ट्यांवर हात फिरवून म्हणायची, "हे दादाच्या पगारातलं." कामगारांचा इतिहास मी पुस्तकात पुढे वाचला. आधी तो वाकळेवर बघितला होता.

आता शिवण्याकडे येऊ. उन्हाळ्यात, सुगी आटोपल्यावर आणि मृगाच्या आधी वाकळा धरायच्या, ही आपली जुनी वेळ. जुनं कापड सोडा घालून उकळायचं, कडक उन्हात वाळवायचं. विरलेला भाग काढून टाकायचा. सारवलेल्या अंगणात खाली एक धड लुगडं अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मध्ये जुन्या कापडाचे थर, वर दुसरं लुगडं किंवा जोडलेले तुकडे. मग लांब लांब कच्चे टाके. त्यानंतर कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. दर दोन ओळींनी तळव्याने कापड सारखं करत राहायचं. नाही केलं तर झोळ पुढे पुढे सरकतो आणि शेवटी मधोमध उंटाच्या पाठीसारखा उभा राहतो. माझ्या पहिल्या वाकळेत तो आला होता. सासूबाईंनी काही न बोलता सहा ओळी उसवायला लावल्या.

हत्यारं तरी किती? लांब सुई, रिळाचा दोरा आणि कात्री. बोटाला शिंप्याचं अंगुस्तान मिळालं तर ठीक, नाहीतर चिंधी गुंडाळायची. आमच्या गटातल्या एक मावशी शाळेतून आलेल्या पोरांना धरून एकाच रिळावर दहा सुया ओवून घेतात. मग एकेक सुई सरकवायची, दोरा तोडायचा आणि शिवायचं. त्यांना नेढं दिसत नाही, पण टाका आजही तांदळाच्या दाण्याएवढा पडतो. सुई हरवली की मात्र सगळी बैठक बंद. कुणीही उठायचं नाही, बसल्या जागी शोधायचं. आम्ही जुन्या बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून ठेवलंय. ते वाकळेवरून फिरवलं की सुई सापडते. हा उपाय लिहून ठेवा.

वैताग काही कमी नाहीत. लांब दोरा घेतला की गुंता होतो, आखूड घेतला की सारखा ओवावा लागतो. जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे सुई मोडते. जुनं कापड फार विरलेलं असेल तर टाक्याच्या शेजारीच फाटतं. लाल कापड आधी भिजवून बघितलं नाही तर पहिल्या धुण्यात सगळी वाकळ गुलाबी होते. ओली वाकळ तर दोघींनी दोन टोकं धरून पिळल्याशिवाय उचलत नाही. आणि अर्धी शिवून गुंडाळून ठेवली की उंदरांना कसं कळतं कोण जाणे.

सगळ्यात मोठी अडचण आहे सिंथेटिक साडीची. आमच्या लहानपणापासून घराघरांत त्याच साड्या आल्या. धुवायला सोप्या, लवकर वाळतात, रंग जात नाही. बाईचे कष्ट त्यांनी कमी केले, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण वाकळेत त्या घसरतात, घाम शोषत नाहीत आणि बाळाला टोचतात. म्हणून दुपटं करायचं असेल तर आजीचं सुती लुगडंच शोधावं लागतं. तेही आता ट्रंकेच्या तळाला एखादंच उरलंय.

तरी आपण शिवायला बसतो. का बसतो, ते दुपारी ओसरीवर चार जणी एका वाकळेच्या चार बाजूंनी बसलेल्या बघितल्या की कळतं. हात चालू असला की तोंडही मोकळं होतं. "हा तुकडा माझ्या शालूचा", "हे थोरलीच्या बारशाचं झबलं", "हा सदरा यांचा, खिशासकट लावू का?" अशी बोलणी चालतात. गटाच्या बैठकीत गप्प बसणारी बाई वाकळेवर बसली की घरातली अडचण सांगते. कर्ज कुणाला खरंच नडीला हवंय, हे मला कितीदा तिथेच कळलंय.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानाकडून आमच्या गटाला दहा गोधड्यांची मागणी आली. भाव त्यांनीच सांगितला, एका गोधडीला 700 रुपये. मी हरखले. फळ्यावर हिशेब मांडला: दोरा आणि अस्तर 180, हाती उरले 520. वरचं कापड घरातलंच, म्हणून ते फुकट. मी म्हटलं, "बघा, फावल्या वेळातला 520 रुपये नफा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या सुया ओवून घेणाऱ्या मावशी मात्र म्हणाल्या, "बाय, दोरा धरलास, अस्तर धरलंस. माझा हात कुठं धरलास?"

मी पुन्हा खडू उचलला. एका वाकळेला दोघी जणी, रोज तीन तास, पंधरा दिवस. म्हणजे 90 तास. 520 रुपयांना 90 ने भागलं, तर तासाला सहा रुपयेसुद्धा पडत नव्हते. फळ्याकडे बघत कुणीच बोललं नाही. मी शब्द देऊन बसले होते, म्हणून दहा गोधड्या दिल्या. त्यातल्या दोन "टाके सरळ नाहीत" म्हणून परत आल्या. पुढच्या मागणीला आम्ही तास मोजून भाव सांगितला. त्या दुकानाने नको म्हटलं. दुसरं गिऱ्हाईक मिळायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत दोघी जणी माझ्यावर रागावून गटातून गेल्या. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना तेव्हा पैशाची गरज होती. पण नफा म्हणून मी जे दाखवत होते, ती बायांची न दिलेली मजुरी होती.

हे फक्त आपल्याच बाबतीत झालेलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज् बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्यांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बाया कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 1942 साली मिसूरी पेटवे या बाईने वारलेल्या नवऱ्याच्या शेतातल्या कपड्यांची गोधडी शिवली, त्याच्या आठवणीत पांघरायला. 1966 साली त्या भागातल्या बायांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. मतदार यादीत नाव घातलं म्हणून काहींना राहती घरं सोडावी लागली होती, तेव्हाचा हा काळ. पुढे 2002 साली जीज् बेंडच्या गोधड्या मोठ्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 साली टपालाच्या तिकिटांवर आल्या. आणि शेजारी शिवणाऱ्यांचं नाव लिहिलं गेलं.

आपल्याजवळचंही उदाहरण आहे. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी समाज राहतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठीही मिसळलेली आहे. त्यांच्या गोधडीला कवंडी म्हणतात. ती आपल्यासारखीच कडेने फिरत मध्याकडे शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. फुलं नसलेली कवंडी त्यांना उघडीबोडकी वाटते.

आणि बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईने आपल्या वडिलांसाठी एक कांथा भरला. त्यावर तिने सुईदोऱ्यानेच आपलं नाव घातलं. तो कांथा आज कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहे. तिच्या काळात किती जणींनी कांथे शिवले असतील! ही आपल्याला नावानिशी माहीत आहे, कारण तिने नाव घातलं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी दोन कामं सांगते. पहिलं, घरातली सगळ्यात जुनी वाकळ बाहेर काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणी शिवली, कोणता तुकडा कुणाचा. सांगतील ते गटाच्या वहीत लिहा. दुसरं, यापुढे जी वाकळ शिवाल तिच्या एका कोपऱ्यात सुईदोऱ्याने आपलं नाव आणि साल घाला. विकायची असेल तर वहीत तासही लिहा. घरासाठी, हौसेने शिवत असाल तर तासांचा भाव लावू नका, पण नाव घालाच.

आमच्या मावशींना लिहिता येत नव्हतं. मी कोळशाने अक्षरं काढून दिली, त्यांनी त्यावरून टाके घातले. दुसरं अक्षर थोडं वाकडं झालं. मी म्हटलं, "उसवू का?" त्या म्हणाल्या, "राहू दे. माझंच हाय ते."