भारतातील कंपन्यांच्या राजकीय देणग्या

भारतातील नोंदणीकृत कंपन्या राजकीय पक्षांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे जे द्रव्यसाहाय्य करतात, त्याचे नियमन मुख्यतः कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १८२ ने होते. कंपनीला मताधिकार नसतो आणि तिच्या हाती असलेला पैसा अनेक भागधारकांचा असतो. त्यामुळे अशी देणगी कोणाच्या संमतीने द्यावी आणि ती कोणाला कळवावी, हे दोन प्रश्न या विषयात आरंभापासून वादाचे ठरले आहेत.

इतिहास

१९५६ च्या मूळ कंपनी कायद्यात राजकीय देणग्यांवर निर्बंध नव्हता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने अशा देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या संस्थापन समयलेखात (कंपनीची उद्दिष्टे नमूद करणाऱ्या दस्तऐवजात) बदल करण्याचे ठरवले. एका भागधारकाने हरकत घेतल्याने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात लढवले गेले. १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी, कायद्यात मनाई नसल्यामुळे, बदलास मान्यता दिली; मात्र या प्रथेत लोकशाहीला असलेला धोका निकालपत्रात स्पष्टपणे मांडून संसदेचे लक्ष त्याकडे वेधले.

१९६० मध्ये देणगीवर मर्यादा आली आणि १९६९ मध्ये संपूर्ण बंदी. बंदीच्या काळात पक्षांच्या स्मरणिकांत जाहिराती देण्याची पळवाट रूढ झाली. १९८५ मध्ये संचालक मंडळाच्या ठरावाने, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी देण्यास पुन्हा परवानगी मिळाली.

सध्याच्या तरतुदी

२०१३ च्या कायद्याने ही मर्यादा ७.५ टक्के केली. सरकारी कंपन्या आणि स्थापनेस तीन आर्थिक वर्षे पूर्ण न झालेल्या कंपन्या देणगी देऊ शकत नाहीत. ठराव संचालक मंडळाचा लागतो. भागधारकांच्या सभेची संमती आवश्यक नाही. पक्षाच्या स्मरणिकेतील जाहिरातीचा खर्चही देणगीच मानला जातो. उल्लंघन झाल्यास कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड, तर दोषी अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. राजकीय देणगी कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरता येत नाही.

काही उद्योगसमूह निवडणूक न्यासामार्फत देणगी देतात. टाटा समूहाचा न्यास १९९६ मध्ये स्थापन झाला. २०१३ च्या योजनेनुसार मान्यताप्राप्त न्यासाला वर्षभरात जमलेल्या रकमेपैकी किमान ९५ टक्के रक्कम पक्षांना वाटावी लागते.

निवडणूक रोखे

वित्त अधिनियम, २०१७ ने ७.५ टक्क्यांची मर्यादा काढून टाकली आणि लाभार्थी पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात देण्याची अट रद्द केली. केवळ एकूण रक्कम दाखवणे पुरेसे ठरले. जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत भारतीय स्टेट बँकेकडून १ हजार ते १ कोटी रुपयांचे रोखे घेऊन ते पक्षाला देता येत असत. देणगीदाराची ओळख मतदारांपासून गुप्त राहत असे. बँकेकडे मात्र तिची नोंद असे. सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराचा माहितीचा अधिकार हा निकालाचा मुख्य आधार होता. अमर्याद देणगीची मुभा तोट्यातील कंपन्यांनाही मिळत असल्याने ती दुरुस्ती मनमानी असल्याचेही न्यायालयाने म्हटले. निवडणूक आयोगाने १४ मार्चला खरेदीदारांची व पक्षांची यादी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. रोख्यांचे क्रमांक २१ मार्चला मिळाल्यावरच कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, हे जुळवता आले.

धोरणविषयक पाठपुरावा

शासकीय धोरणावर प्रभाव टाकण्याच्या प्रयत्नांसाठी, म्हणजे लॉबिंगसाठी, भारतात स्वतंत्र कायदा वा नोंदणी नाही. कंपन्या बहुधा फिक्कीसारख्या उद्योगसंघटनांमार्फत किंवा मसुद्यांवर हरकती-सूचना पाठवून आपली बाजू मांडतात. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना वार्षिक अहवालात आपल्या प्रमुख संघटनांची नावे नमूद करावी लागतात; पुरस्कार केलेली धोरणविषयक भूमिका नमूद करणे मात्र ऐच्छिक आहे. कोणत्या मंत्र्याची वा अधिकाऱ्याची भेट केव्हा घेतली, याचा तपशील मात्र त्यात मागितलेला नाही.