‘सुडो’ लावलं की शॉर्टकट का चालत नाही? उपाय एका स्पेसचा, पण सावधगिरीही हवी

लिनक्सवर टर्मिनलमधून काम करणारे लोक लांबलचक कमांडना छोटी नावं देऊन ठेवतात. अशा नावाला ‘एलियास’ म्हणतात. उबुंटूत फाइलींची सविस्तर यादी दाखवणारा ‘एलएल’ हा एलियास आधीपासूनच असतो. मात्र त्याच्या आधी ‘सुडो’ टाइप केलं की ‘कमांड सापडली नाही’ असं उत्तर येतं.

कारण काय?

एलियास ओळखण्याचं काम ‘बॅश’ हा शेल करतो आणि तो साधारणपणे ओळीतला पहिला शब्दच तपासतो. इथे पहिला शब्द ‘सुडो’ असतो. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडो हा वेगळा प्रोग्राम आहे, वापरकर्त्याच्या एलियासची त्याला माहिती नसते.

‘एलएल’ चालला नाही तर निदान ते कळतं. खरी गोची ‘आरएम’ या फाइल पुसणाऱ्या कमांडची आहे. पुसण्याआधी विचारणा व्हावी म्हणून अनेकजण ‘आरएम’चा एलियास ‘आरएम -आय’ असा करून ठेवतात. सुडो लावलं की हा एलियास लागू होत नाही. मूळ आरएम चालते आणि फाइल न विचारता जाते. म्हणजे नुकसान सर्वांत मोठं होऊ शकतं, नेमकं तिथेच संरक्षण नसतं.

उपाय

होम फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ फाइलच्या शेवटी पुढची ओळ इंग्रजी लहान अक्षरांत लिहावी :

एलियास सुडो='सुडो '

दुसऱ्या ‘सुडो’नंतर, अवतरणचिन्ह बंद होण्याआधी एक स्पेस आहे. ती विसरू नये, सगळी किमया तिचीच. एलियासच्या शेवटी स्पेस असेल तर बॅश पुढचा शब्दही एलियास आहे का, हे तपासतो. झेडएसएच शेलमध्येही हाच नियम आहे.

‘बरोबर’च्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मात्र जागा सोडू नये. फाइल सेव्ह करून नवं टर्मिनल उघडावं. खात्रीसाठी एक रिकामी फाइल बनवून ती सुडो लावून पुसावी. विचारणा झाली, तर काम झालं.

मर्यादा

• ‘सुडो -यू’ असा पर्याय मध्ये आला की पुढचा शब्द तपासला जात नाही.
• शेल फंक्शनना या युक्तीचा उपयोग नाही.
• बॅश स्क्रिप्टमध्ये एलियास मुळातच बंद असतात.
• ‘आरएम -एफ’ लिहिलं तर ‘-आय’ निष्प्रभ होतो, कारण नंतर आलेला पर्याय लागू पडतो.

या ओळीनंतर आपला प्रत्येक एलियास प्रशासकाच्या अधिकाराने चालू शकतो. त्यामुळे नुसतं ‘एलियास’ टाइप करून आधी यादी बघून घ्यावी. आणि विचारणा होणारच, या भरवशावर सुडोसोबत आरएम कधीही वापरू नये. एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचलेली बरी.