हमरस्त्यावरचे गाव आणि कुळाचे देऊळ

देवस्थानाच्या स्मरणिकेत आपल्याच देवस्थानाचा इतिहास लिहावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो किंचित बाजूस ठेवून गोमंतकापासून फार दूर असलेल्या एका गावाची हकीकत महाजन बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. कारण तेथे जो प्रश्न उभा आहे तो आपलाच आहे. जी पिढी गाव सोडून शहरात गेली, जिची शाळेची भाषा बदलली, जिचा शेताशी संबंध उरला नाही, ती आपल्या कुळाच्या देवळाशी कोणत्या धाग्याने बांधलेली राहते, हा तो प्रश्न होय.

तेलंगणातील आदिलाबाद शहराच्या दक्षिणेस, नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर गुडीहत्नूर हे गाव आहे. पूर्वी हा मार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई. आता त्याचा क्रमांक ४४ आहे. येथूनच उटनूरचा रस्ता फुटतो. आंध्र प्रदेशात १९८५ साली तालुक्यांच्या जागी मंडळे आली आणि गुडीहत्नूर मंडळाचे ठाणे झाले. हमरस्ता, फाटा आणि कचेरी ही तिन्ही एकत्र आली म्हणजे खेडे खेडे राहत नाही. भोवतालच्या वस्त्यांतील माणसे बाजारास, शाळेस, दवाखान्यास तेथे येतात. काही तेथेच स्थायिक होतात. या पट्ट्यात तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात.

राजवटी तर किती बदलल्या! हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तेलंगण झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे करण्यात आले. ज्या घरात मराठी बोलली जाते त्या घरच्या आजोबांच्या काळी सरकारी कागद उर्दूत, मुलाच्या काळी तेलुगूत, आणि नातवाची ओढ इंग्रजीकडे! आम्हां गोमंतकीयांना हे सांगावयास नकोच. आपल्या घरच्या पेटाऱ्यांत मोडीतील दस्त, त्यावर पोर्तुगीज सही-शिक्के आणि त्यांखाली १९६१ नंतरचे इंग्रजी कागद अशाच थरांनी पडलेले आहेत. लिसेवच्या बाकावर बसून पोर्तुगीज राजांची वंशावळ पाठ करणाऱ्या आम्हां मुलांना घरी देवळाची पाळी मात्र मराठीतूनच समजावली जात असे.

परंतु गावाची वाढ सर्वांनाच सुखाची झाली, असे म्हणता येणार नाही. रस्ते झाले, बाहेरची माणसे आली आणि गोंडांच्या जमिनी हळूहळू इतरांच्या हाती गेल्या. जमिनीच्या हक्कासाठी लढणारे कुमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे मारले गेले. पुढे आदिवासींच्या जमिनींचे हस्तांतर रोखणारे कायदे झाले, पण २० एप्रिल १९८१ रोजी गुडीहत्नूरच्या शेजारच्या इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३ होता. तो कितीतरी अधिक असल्याचे लोक सांगतात. वाढत्या गावाचा इतिहास लिहिताना कोण आले एवढेच न पाहता कोणाच्या पायाखालची जमीन गेली, हेही नमूद झाले पाहिजे.

ज्या समाजाची जमीन अशी हलली, त्याचे कुळ मात्र हलले नाही, ही यातील विशेष गोष्ट. गुडीहत्नूरहून उटनूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे मुतनूरजवळून केसलापूरकडे जाता येते. तेथे गोंडांच्या मेस्राम कुळाचे नागोबाचे देवस्थान आहे. पौष अमावास्येस तेथे जत्रा भरते. मेस्राम मंडळी जन्नारमकडील गोदावरीच्या डोहातून पाणी आणण्यास पायी जातात; त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडूनच यावयाची, असा नेम आहे. शेकडो कुटुंबे जमली तरी स्वयंपाक ठरलेल्या बावीस चुलींवरच, आळीपाळीने होतो. कुळात नव्याने आलेल्या सुनांना शुभ्र वस्त्रे नेसवून देवाच्या भेटीस नेतात. ही ‘भेट’ झाल्यावाचून सून कुळाची पूर्ण मेस्राम झाली असे मानीत नाहीत. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी या जत्रेस जोडून अधिकाऱ्यांपुढे गाऱ्हाणी मांडण्याचा दरबार सुरू करविला; तो प्रघातही पुढे चालू राहिला. आणि डिसेंबर २०२२ मध्ये कुळातील शेतकरी व नोकरदार यांच्या वर्गणीतून, सुमारे पाच कोटी रुपये खर्चून, तेथे नवे पाषाणमंदिर उभे राहिले. शहरात नोकरीस गेलेली पिढी देवळास पारखी झाली असती, तर हे घडते ना.

आता आपल्याकडे वळू. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलून नदीपलीकडे अंत्रुज महालात नेले. वेर्णेची म्हाळसा म्हार्दोळास आली, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. कुशस्थळीचा मंगेश त्याआधीच, १५६० साली, प्रियोळास आला होता. घर एका तीरावर आणि देव दुसऱ्या तीरावर, अशा स्थितीत कुळे टिकली. म्हणजे गाव सुटले की कुळ सुटते, हे म्हणणे आपल्याच इतिहासाने खोटे ठरविले आहे. पुढे १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली सरकारने माझनींचे नियम केले. महाजनांची यादी, समितीची निवडणूक, हिशेब आणि मामलेदाराची देखरेख, ही व्यवस्था त्यातून पक्की झाली. यामुळे देवस्थानांची मालमत्ता बहुतांशी सुरक्षित राहिली, हा मोठाच लाभ होय.

तथापि कारकुनी पेशात जन्म घालविलेल्या माणसास एक गोष्ट ठाऊक असते. यादीत नाव असणे निराळे आणि कामात हात असणे निराळे. आपली यादी मुख्यतः पुरुषांची. मुंबई-पुण्यास वा परदेशी गेलेल्या मुलाचे नाव तीत राहते, परंतु पालखीची पाळी कोणाची, अग्रशाळेत कोण उतरले, समईत तेल कोण घालते, हे त्याला ठाऊक नसते. ज्या सुनेने वर्षानुवर्षे प्रसादाच्या पंक्ती वाढल्या तिचे नाव कोठेच नसते, आणि कन्या तर लग्नानंतर परकीच मानली जाते. केसलापुरात कुळ टिकले ते यादीमुळे नव्हे. प्रत्येक शाखेस चूल नेमून दिलेली आहे आणि नव्याने येणाऱ्या सुनेस देवापुढे उभे करून आपले म्हटले जाते, म्हणून ते टिकले.

माझनीचे नियम बदलणे सरकारचे काम आहे. त्यास वेळ लागेल. पण पाळ्या नेमणे आपल्या हाती आहे. जत्रेचे एकेक काम एकेका घराण्याकडे सोपवावे. त्यात सुना आणि कन्या यांची नावे असावीत. अग्रशाळेत एक वही ठेवावी आणि कोणी कोणते काम केले याची नोंद तीत व्हावी. नवी सून पहिल्यांदा येईल तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिला घराण्याची हकीकत सांगावी. मुलांना आपली मोडी वाचता येणार नाही, कदाचित मराठीही अडखळत येईल. म्हणून त्यांना दोष देऊ नये. आपल्या पूर्वजांनी देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, तेव्हा त्यांच्या हाती यादी नव्हती, काम होते. ते काम पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढेच आता आपले कर्तव्य राहिले आहे.